अनंताच्या कुंडीतलं मीठ

साल दोन हजार चोवीस. वैशाख महिना. ऊन असं की दुपारी गच्चीच्या लाद्यांवर चप्पल असूनही पाय टिकत नव्हता.

आमच्या गच्चीचे किस्से मी मुद्दाम जमवले नाहीत. रोज पाणी घालायला वर जायचं, चार शब्द बोलायचे, खाली यायचं. बोललेलं विसरलं जातं असं आपण समजतो. पण काही ना काही तळाशी राहतंच. कुंडीतल्या मिठाचंही असंच होतं. पाणी उडून जातं आणि पाण्यात होतं ते काठावर पांढरं होऊन बसतं.

लालबागची आमची चाळ पाडून तिथे बावीस मजली इमारत झाली. चाळीत प्रत्येकाच्या दारासमोर गॅलरी होती, गॅलरीत डब्यांमधून झाडं होती. इमारतीत गॅलरी नाही. म्हणून झाडं गच्चीवर गेली. कमिटीने परवानगी दिली ती दोन अटींवर. झाडांना फक्त बोअरचं पाणी घालायचं, नळाचं गोडं पाणी नाही. आणि गच्ची ओली ठेवायची नाही.

कुंडीवाले आम्ही चौघं. मी धुरी, गिरणी बंद पडेपर्यंत गिरणीत होतो. पेडणेकर, याचं आयुष्य औषधाच्या दुकानात काउंटरमागे गेलं. मालू परब, माझ्याच गावाकडची, राग आला की मालवणीत बोलते, आणि राग तिला रोज येतो. चौथ्या सोनावणेबाई, इस्पितळात आयाचं काम करून निवृत्त झालेल्या.

बाईंचं झाड अनंताचं. चाळीच्या नळाशेजारी मोठा अनंत होता. बुलडोझर यायच्या आधी बाईंनी त्याची एक फांदी कापून घेतली, ट्रान्झिट कॅम्पात ग्लासभर पाण्यात तिला मुळं फुटेपर्यंत सांभाळली. मोठं झाड चाळीबरोबर गेलं. चाळीतलं जिवंत असं हे एकच राहिलं.

उन्हाळा लागला तशा बाई मुलीच्या बाळंतपणाला नाशिकला गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "काका, याला तुम्ही बघा. पेडणेकर औषध घालतील, मालूताई शिव्या घालतील. तुम्ही नुसतं पाणी घाला."

मी म्हटलं, "आहे तसं परत मिळेल."

असा शब्द मी सहसा देत नाही. दिला.

*

पांढरा थर पहिल्यांदा पेडणेकरला दिसला. अनंताच्या मातीवर, साखर सांडावी तसा. कुंडीच्या बाहेरच्या अंगालाही पांढरे ओघळ. मग बघतो तर मालूच्या कढीपत्त्याच्या कुंडीत तेच, माझ्या मोगऱ्याच्या कुंडीतही तेच.

"बुरशी आहे," पेडणेकर म्हणाला.

"बुरशीला वास येतो," मी म्हटलं.

मालूने त्यावर बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"मीठ," ती म्हणाली. "कुणीतरी मीठ टाकलंय."

कुणी, ते तिने सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. तिघांच्या मनात एकच माणूस. शिवा लाड.

लाड बाविसाव्या मजल्यावर राहतो, गच्चीच्या बरोबर खाली. त्याचं छत गळतं. कुंड्यांच्या पाण्याने गळतं असं त्याचं म्हणणं. मीटिंगमध्ये तो कुंड्या उचला म्हणून दोनदा भांडला होता.

लाडचं आणि माझं बोलणं नाही. चाळीत आमची दारं समोरासमोर होती. नव्या इमारतीच्या सोडतीत मला चौथा मजला लागला आणि त्याला सगळ्यात वरचा. त्याचे गुडघे तेव्हाच गेले होते. लिफ्ट बंद पडली तर काय, म्हणून तो मला म्हणाला, घर बदलून दे. मी नाही म्हटलं. चिठ्ठी निघाली ती निघाली. तेव्हापासून आम्ही एकमेकांशी बोलायचं झालं तर तिसऱ्या माणसाकडे बघून बोलतो.

मालू सरळ खाली उतरली आणि त्याची बेल वाजवली. मी लिफ्टपाशी उभा राहिलो.

"शिवा, कुंड्यांत मीठ तू टाकलंस?"

लाडने दार पूर्ण उघडलं. "मालू, डॉक्टरने माझं मीठ बंद केलंय. घरात मीठ असतं तर मी आधी आमटीत टाकलं असतं." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आणि त्यांना सांग, माझ्या छतातून पण पांढरंच उतरतंय. आत येऊन ते पण चाटून बघा म्हणावं."

*

मालूचं समाधान झालं नाही. चोर पकडायचा असं तिने ठरवलं. पण त्या दुपारी पाळत ठेवायला बसलो आम्ही दोघं, पेडणेकर आणि मी. मालू म्हणाली, मला घरी काम आहे.

पेडणेकर टाकीच्या सावलीत बसला, मी जिन्याच्या दाराआड. उन्हाने डोळे दिपत होते. बराच वेळ कुणी फिरकलं नाही. मग लिफ्टचा आवाज आला, पावलं आली. हातात पातेलं घेऊन मालूच वर आली. पदर डोक्यावर. इकडेतिकडे बघून कढीपत्त्यापाशी गेली आणि पातेलं ओतलं.

मी दाराआडून पुढे झालो. "काय ओतलंस?"

ती दचकली, पण पातेलं सोडलं नाही. "पाणी."

"कसलं?"

"खाऱ्या बांगड्यांचं. सकाळी भिजत घातले होते."

पेडणेकर टाकीमागून आला. "म्हणजे चोर तूच! आणि आम्ही इथे उन्हात भाजतोय."

मग मालू मालवणीवर आली. "चोर कोणाक म्हणतंस रे? आमच्या गावाक माडाच्या मुळात मीठ घालतत. माझ्या बापाशीन घातल्यान, आज्यान घातल्यान. एक तरी माड मेल्लो ऐकलंस?"

"हा माड नाही. कढीपत्ता आहे," मी म्हटलं.

"मग कढीपत्तो काय विलायतेतसून इलो?"

यावर पेडणेकरला हसू आलं. मला आलं नाही. मी विचारलं, "अनंताला पण घातलंस?"

ती गप्प झाली. मालू गप्प झाली की समजावं, काहीतरी मोठं आहे.

"दोनदाच," शेवटी म्हणाली. "बाईंचं झाड जरा सुकल्यासारखं वाटलं. म्हणून त्याला घट्ट पाणी घातलं. पहिल्या धुण्याचं."

*

पण माझ्या मोगऱ्याला मालूने हात लावला नव्हता. तिथे पांढरं कुठून आलं, हे कोडं तसंच राहिलं. आणि अनंताच्या पानांची टोकं जळायला लागली. हिरवं पान, कडेला विडीचा चटका दिल्यासारखी तपकिरी रेघ.

एका सकाळी वर गेलो तर पेडणेकर अनंतापुढे उकिडवा बसलेला. हातात चमचा, बाजूला खताचं पाकीट. खत पांढरं, साबुदाण्यासारखं.

"किती घातलंस?"

"दोन चमचे. पाकिटावर अर्धा लिहिलाय. पण तो साध्या झाडाला. हे आजारी आहे."

"कधीपासून?"

"पानं जळायला लागली तेव्हा एक चमचा दिला. फरक पडेना म्हणून डोस वाढवला."

मी पाकीट उचलून खिशात घातलं. तो म्हणाला, "अरे, पाणी तरी मी चांगलं घालतोय की नाही? तुमच्यासारखं बोअरचं नाही. आमच्या प्युरिफायरचं घालतो." त्याच्या शेजारी दोन बाटल्या होत्या. प्युरिफायरला मागून एक नळी असते, तिच्यातून पाणी सिंकमध्ये वाया जातं. ते तो बाटल्यांत धरून रोज वर आणत होता आणि सगळं अनंताला घालत होता. मला हे तोपर्यंत माहीत नव्हतं.

त्याच आठवड्यात प्युरिफायर साफ करायला माणूस आला. पेडणेकरच्या बायकोने कौतुकाने सांगितलं की आम्ही हे पाणी टाकत नाही, झाडांना घालतो. तो माणूस म्हणाला, "काकू, भांडी घासा, लादी पुसा. झाडांना रोज नको. मशीन पाण्यातले क्षार काढतं ते याच नळीतून बाहेर येतात."

पेडणेकर संध्याकाळी गच्चीवर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. माझ्या शेजारी कठड्याला टेकून उभा राहिला.

"धुरी, मशीन जे मीठ काढून टाकत होतं, ते मी बाटलीत भरून वर आणत होतो."

"रोज?"

"रोज. बाई आल्या की त्यांना सांगणार होतो, बघा तुमच्या झाडाला आम्ही प्युरिफायरचं पाणी पाजलं."

त्या रात्री सोनावणेबाईंचा फोन आला. मुलगी झाली होती, सगळं नीट होतं. मग विचारलं, "काका, अनंताला कळी धरली का? या दिवसांत धरते."

मी खोटं बोलत नाही. म्हटलं, "कळी नाही. पाणी घालतोय."

"बरं," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

*

दुसऱ्या दिवशी अनंताची पानं गळायला लागली. मी एक पान आणि चिमूटभर पांढरं कागदात बांधलं आणि दादरला गेलो. फुलबाजाराच्या पलीकडे एक नर्सरीवाला बसतो. मूळचा उत्तरेकडचा, दादरमध्ये म्हातारा झालेला. कुणाला विचारायला जाणं मला आवडत नाही. पण झाड माझं नव्हतं.

त्याने पान बघितलं, पांढरं बोटांत चोळलं. "पानी कौनसा डालते हो?"

"बोअरचं."

"आप पीते हो वो पानी?"

"नाही."

"तो फिर इसको क्यों पिलाया?"

बोअरचं पाणी आमच्याकडे खारं आहे हे सगळ्या इमारतीला माहीत. माणसाने पिऊ नये म्हणून ठरलं आणि उरलं ते झाडांना दिलं. मोगऱ्याचं कोडं तिथेच सुटलं. मालूच्या बांगड्यांचं आणि पेडणेकरच्या डोसाचं मीठ त्यावर वरचं होतं.

काय करायचं ते त्याने सांगितलं. वरचा पांढरा थर खरवडून टाकायचा. खालची ताटली काढायची, कारण कुंडीतून उतरलेलं मीठ ताटलीत थांबतं आणि माती ते परत ओढून घेते. मग कुंडी विटांवर ठेवून वरून गोडं पाणी सोडायचं, हळूहळू, खालून वाहून जाईल असं. एक बादली नाही. बादल्यांवर बादल्या. पाणी जाताना मीठ घेऊन जातं. नंतर सावलीत ठेवायचं आणि खत नाही.

"जगेल का?" मी विचारलं.

"जड़ जली नहीं तो जियेगा।"

"आणि जळली असेल तर?"

त्याने पान कागदात परत बांधून माझ्या हातात दिलं.

*

गोडं पाणी मागायला मी मीटिंगला गेलो. वाईट वेळ होती. तलावांत पाणी कमी, नळाला दाब नाही, वरच्या मजल्यांची पिंपं अर्धीच भरत होती.

सेक्रेटरी तरुण आहे, बोलतो सभ्यपणे. "धुरीकाका, माणसं पाण्यासाठी ओरडतायत. मी झाडासाठी पाणी दिलं तर मला गच्चीवरून खाली टाकतील."

लाड उठला. मोबाईलवर छताचा फोटो काढून आणला होता, तो सगळ्यांपुढे फिरवला. मोठा ओला डाग, कडेला पांढरे पापुद्रे. सेक्रेटरीकडे बघून म्हणाला, "त्यांना विचारा, बादल्या ओतायच्या तर कुठे ओतणार? माझ्या डोक्यावर?"

मी पण सेक्रेटरीकडे बघितलं. "त्यांना सांगा, गच्चीवर ओतणार नाही."

"मग कुठे ओतणार, ते विचारा."

मी खाली बसलो.

ठराव झाला. पावसाळ्यापूर्वी गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचं. महिनाअखेरपर्यंत सगळ्या कुंड्या खाली. ज्यांना घरात जागा नाही त्यांच्या कुंड्या कचऱ्याच्या गाडीत.

मी उभा राहिलो. "अनंत माझा नाही. ज्यांचा आहे त्या आल्याशिवाय त्याला कुणी हात लावायचा नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "काका, मेलेल्या झाडाला कोण हात लावतंय?"

सगळे हसले. मी लाडकडे बघितलं. तो हसला नव्हता.

*

घरी मी, मुलगा, सून, दोन नातवंडं. पिंप एकच. सुनेने मला अडवलं नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, घ्या पाणी. पण उद्या पोरांच्या आंघोळीला काय करायचं ते पण सांगा." मी घेतलं नाही. घरच्यांची तहान मोजून शब्द पाळणं मला जमणार नव्हतं. मालू आणि पेडणेकर यांच्याकडेही तीच गत. दाब नव्हता.

इमारतीत जास्तीचं पाणी एकाच घरात होतं. लाड आणि त्याची बायको, दोघंच माणसं. पण त्याच्या मोरीत दोन मोठी पिंपं. गिरणीत रंग यायचा ती, निळी. चाळीतला नळ तासभर यायचा तेव्हाची सवय. पाणी साठवल्याशिवाय त्या घराला झोप येत नाही.

मी पेडणेकरला म्हटलं, "चल." आम्ही अनंताची कुंडी लिफ्टमध्ये घालून बाविसाव्या मजल्यावर उतरवली. झाडाला पानं उरली होती ती बोटांवर मोजण्याइतकी. बेल वाजवली.

लाडने दार उघडलं. आधी कुंडी बघितली, मग पेडणेकरला बघितलं.

पेडणेकर म्हणाला, "शिवा, हा म्हणतोय की…"

"तू गप्प," मी म्हटलं. आणि लाडकडे बघून म्हटलं, "मला पाणी हवंय."

सोडतीनंतर मी त्याच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. त्याची बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तिथेच थांबली.

लाड म्हणाला, "कुठे ओतणार?"

"तुझ्या मोरीत. गच्चीवर थेंब नको."

तो बाजूला झाला.

मोरीत दोन विटा ठेवून त्यावर कुंडी ठेवली. मी चमच्याने वरचा थर खरवडला आणि कागदात घेतला. लाडने एका पिंपावरचं झाकण काढलं. मी तांब्या घेतला तर म्हणाला, "तांब्याने संध्याकाळ होईल," आणि स्वतः बादली बुडवून दिली.

हळूहळू ओतत गेलो. पहिलं पाणी तपकिरी आलं, चहासारखं, मोरीच्या जाळीवर फेस धरून थांबलं. मग परत बादली. मग परत. पेडणेकर दारात उभा होता, लाडची बायको त्याच्या मागे. लाडचे गुडघे वाकत नाहीत. तरी तो खाली बसला, कुंडीखालून येणाऱ्या पाण्याची धार हातावर घेतली आणि जिभेला लावली.

"खारट," म्हणाला आणि बादली पुन्हा बुडवली.

पिंप तळाला येईपर्यंत तो मधे मधे चाखत राहिला. शेवटच्या बादलीला त्याने मान हलवली. नाही, आता खारट नाही.

पिंप रिकामं झालं. मी हात पुसले. "हे उसनं आहे. उद्यापासून परत करतो."

"नको," लाड म्हणाला. "झाड मेलं तर पाणी माझं गेलं. तू काही देणं लागत नाहीस. जगलं तर परत कर."

मला हे पसंत नव्हतं. मेलेल्या झाडाचं पाणी माफ करून घ्यायचं म्हणजे जन्मभर त्याच्यापुढे मान खाली. पण पाणी त्याचं, अट त्याची. मी हो म्हटलं. त्याने पिंप उचललं आणि मोरीच्या कोपऱ्यात उपडं घातलं.

*

कुंडी मी आमच्या मजल्यावर, जिन्याच्या खिडकीशी सावलीत ठेवली. सून तांदूळ धुतलेलं पाणी बाजूला ठेवायची, ते घालायचो. उरलेली पानंही गळाली. महिना संपला, मालूने कढीपत्ता घरात घेतला, माझा मोगरा खिडकीच्या जाळीत बसला. गच्ची मोकळी झाली.

सोनावणेबाई नाशिकहून आल्या त्या सरळ चौथ्या मजल्यावर. हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. कुंडीसमोर उभ्या राहिल्या. मी शेजारी.

"काका, मी झाड दिलं होतं. या काठ्या आहेत."

"हो," मी म्हटलं.

"काय झालं?"

मी सांगितलं. बोअर, बांगडे, खत, प्युरिफायर, सगळं. कुणाला वाचवलं नाही, स्वतःलाही नाही. मालू जिन्यात आली होती, ती डोळ्याला पदर लावून उभी. बाईंनी ऐकून घेतलं. मग वाकून एका काडीची साल नखाने खरवडली. तपकिरी. दुसरी खरवडली. तपकिरी. तिसरी अगदी बुडाशी खरवडली आणि बराच वेळ बघत राहिल्या. मला दिसत नव्हतं, चष्मा घरात होता.

"इस्पितळात डॉक्टर नाही म्हणायचे," त्या म्हणाल्या, "तरी आम्ही चादर बदलायचो." उठल्या. "राहू दे इथेच. तुमच्याकडे दिलंय, मी अजून परत घेतलेलं नाही."

मालू म्हणाली, "बाई, मला दोन शिव्या तरी घाल."

"मालूताई, तुम्हाला शिव्या घालायच्या तर मालवणी शिकावी लागेल. मला वेळ नाही. घरी बाळंतीण येतेय."

*

नंतर रोज सकाळी मी चष्मा लावून काड्या बघायचो. सून म्हणायची, बाबा पेपर आधी झाडाचा वाचतात. काही नव्हतं. काही नव्हतं. लाड एकदा लिफ्टमध्ये भेटला. लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली, दार उघडलं, त्याने मान काढून खिडकीशी बघितलं. दार बंद झालं.

मग एका सकाळी बुडाशी, मातीला लागून, हिरवा ठिपका दिसला. तांदळाच्या कणीएवढा. मी हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी तो दोन पानांचा झाला, मिटलेल्या. तिसऱ्या दिवशी त्याच्या वर आणखी एक.

मी कुणाला सांगितलं नाही. आंघोळीची बादली भरली, सुनेला म्हटलं, आजपासून माझी आंघोळ बोअरच्या पाण्याने. ती बघत राहिली. बादली घेऊन लिफ्टने वर गेलो.

लाडने दार उघडलं. बादलीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. आत गेला, उपडं पिंप सुलटं केलं, फडक्याने आतून पुसलं. बादली माझ्या हातून घेऊन त्यात ओतली आणि रिकामी बादली परत दिली.

रोज एक बादली. बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, अंग कोरडं पडतं, खाज सुटते. सुनेने खोबरेल तेलाची बाटली मोरीत आणून ठेवली. पेडणेकर म्हणायचा, अरे एकदम दोन-दोन ने ना. मी माझ्या वाट्याचीच नेत होतो.

लाड रोज त्याच वेळी दार उघडायचा. बेल वाजवायला लागायची नाही. बादली घ्यायचा, ओतायचा, परत द्यायचा.

शेवटच्या बादलीला पाणी पिंपाच्या काठाला लागलं. लाडने झाकण ठेवलं. मी रिकामी बादली घेऊन खाली आलो.